ओळखपत्राची मुदत संपली, बँकेचं कार्ड बंद पडलं: गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात मी बँक मित्र म्हणून, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून-भरून देण्याचं काम करते. एक टेबल, अंगठ्याचं मशीन आणि पावतीचं छोटं प्रिंटर, एवढाच पसारा. दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात यायला लागला की दर आठवड्याला कोणीतरी कार्ड माझ्यासमोर ठेवतं आणि म्हणतं, "ताई, खात्यात पैसे हायेत मनते, अन् मशीन देऊन नाई राह्यलं."

माझ्या बाबांचंही असंच झालं होतं. खातं उघडताना त्यांनी लायसन दिलं होतं, त्याची मुदत कधीच संपून गेली होती. कापसाचे पैसे खात्यात आले आणि तिथेच अडकले. शुक्रवारी वेचणीच्या बायांचा हिशेब करायचा होता. बाबा तीनदा शाखेत गेले आणि तिन्ही वेळा त्यांना वेगळंच कारण सांगितलं गेलं. चौथ्यांदा मी सोबत गेले, लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी कार्ड चाललं. बायांचे पैसे मात्र तोवर उसने घेऊन द्यावे लागले. ती धावपळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे प्रश्न एका जागी लिहून ठेवते आहे.

कार्ड बंद झालं म्हणजे नेमकं काय बंद झालं?

हे आधी कळायला हवं, कारण "कार्ड बंद" या दोन शब्दांत चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

केवायसी, म्हणजे तुमची ओळख आणि पत्ता यांची बँकेकडची नोंद, जुनी झाली म्हणून बँकेने खात्यावर होल्ड (अडकाव) लावला असेल, तर साधारणपणे पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. कार्ड चांगलं असतं, कुलूप खात्याला असतं. नवीन कार्ड मागवून काहीच होत नाही. कित्येक जण कार्डासाठी अर्ज करून पंधरा दिवस पोस्टमनची वाट पाहतात आणि नवीन कार्डही तसंच फिरतं.

दोन वर्षं खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. तिथेही केवायसी लागते, पण नोंद वेगळी असते.

कार्डावर छापलेली महिना-वर्षाची तारीख उलटली असेल तर फक्त कार्ड बदलायचं. पिन ओळीने तीनदा चुकला असेल तर बहुतेक बँकांत दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होतं. हरवलं म्हणून तुम्हीच फोन करून बंद केलेलं कार्ड मात्र पुन्हा सुरू होत नाही, नवीनच घ्यावं लागतं.

आणखी एक प्रकार अलीकडे दिसतो. कुठल्या तरी फसवणुकीतला पैसा तुमच्या खात्यातून फिरला अशी तक्रार असेल, तर पोलिसांच्या सांगण्यावरून होल्ड लागतो. तो केवायसीने उठत नाही.

म्हणून शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, होल्ड कशाचा आहे? केवायसीचा, निष्क्रियतेचा की तक्रारीचा?" उत्तर कागदावर टिपून घ्या.

माझं लायसन संपलं, त्याचा बँकेच्या पैशाशी काय संबंध?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक ग्राहकाची ओळख ठरावीक काळाने पुन्हा तपासावी लागते. बँकेच्या लेखी गैरव्यवहाराची जोखीम जास्त असलेल्या ग्राहकाची निदान २ वर्षांनी, मध्यम असेल तर ८ वर्षांनी आणि कमी असेल तर १० वर्षांनी. शेतकरी, मजूर, निराधार पेन्शनवाले बहुतेक कमी जोखमीत मोडतात. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. तेव्हा गावोगावी धडाक्यात उघडलेल्या खात्यांची दहा वर्षं २०२४ पासून भरत आली, म्हणून एकाच गावातली इतकी खाती एकदम अडकलेली दिसतात. त्याचसाठी २०२५ मध्ये जुलै ते सप्टेंबर ग्रामपंचायतींत शिबिरंही भरली होती.

आता लायसनचं. तपासणीच्या वेळी तुमचे जुने कागद अजून मुदतीत असतील आणि काही बदललं नसेल, तर "बदल नाही" असं लिहून देऊन भागतं. पण बँकेकडचा कागदच मुदतबाह्य असेल, तर नवीन ग्राहकासारखी पूर्ण केवायसी करावी लागते. बाबांचं घोडं इथेच अडलं होतं. त्यांनी मोबाइलवरून "बदल नाही" कळवलं होतं आणि काम झालं असं समजून ते निवांत होते.

आधारलाही मुदत असते का?

मोठ्या माणसाच्या आधारला नाही. दहा वर्षं झाली की कागदपत्रं अद्ययावत करा असं सांगितलं जातं, ते चांगलंच आहे. पण तेवढ्यावरून आधार रद्द होत नाही. लहान मुलांचं वेगळं: वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. मतदार ओळखपत्रालाही मुदत नसते. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा. लायसनची मुदत वयावर ठरते, ती कार्डावर छापलेली असते.

मग लायसन नूतनीकरण होईपर्यंत थांबायचं का?

अजिबात नाही. बँकेला लायसनच हवं असं काही नाही, मुदतीतला कोणताही एक मान्य कागद हवा. आधार किंवा मतदार कार्ड द्या आणि खातं मोकळं करून घ्या. लायसन आपल्या सवडीने करा, पण मुदत संपून वर्ष उलटू देऊ नका, नाहीतर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

कोणते कागद चालतात?

पासपोर्ट, लायसन, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. हे सहाच. सोबत पॅन, आणि पॅन नसेल तर फॉर्म ६०, तो शाखेतच मिळतो.

रेशन कार्ड या यादीत नाही. सरपंचांचा दाखलाही नाही. लोक मोठ्या विश्वासाने दोन्ही घेऊन येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात, तेव्हा फार वाईट वाटतं. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल किंवा ग्रामपंचायतीची घरटॅक्सची पावती तात्पुरती चालते, पण तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं.

शाखेत जाऊन नेमकं काय करायचं?

बाजाराचा दिवस आणि पगाराची तारीख टाळा. मूळ कागद, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, दोन फोटो, पासबुक, आणि खात्याला जोडलेला नंबर ज्या मोबाइलमध्ये आहे तो मोबाइल, एवढं पिशवीत ठेवा. झेरॉक्सवर सही करा आणि आडवं लिहा, "फक्त केवायसीसाठी", खाली तारीख. अंगठा लावणाऱ्यांनी सोबत ओळखीचा साक्षीदार न्यावा.

केवायसीचा छापील फॉर्म भराच, पण त्याला एक साधा अर्ज जोडा. मी लोकांना असा लिहून देते:

"माझ्या बचत खात्यासाठी पूर्वी दिलेल्या वाहन परवान्याची मुदत संपली आहे. सोबत आधार व पॅनची प्रत जोडली असून मूळ प्रती दाखवल्या आहेत. माझी केवायसी नव्याने नोंदवून खात्यावरील होल्ड काढावा व नोंद झाल्याची तारीख कळवावी, ही विनंती."

या अर्जाच्या दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. हीच पोच. बाबांच्या तीन फेऱ्या वाया गेल्या त्या हिच्याविना: पहिल्यांदा दिलेले कागद दुसऱ्यांदा कोणालाच सापडले नाहीत, आणि दिले होते हे दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. केवायसी नोंदल्याच्या तारखेसह पोच देणं हे बँकेचं कामच आहे, ती मागताना संकोच कशाला? काउंटरवरचा माणूस "शिक्का कशाला, होऊन जाईल" म्हणाला, तरी तिथेच उभं राहा. आवाज चढवू नका, पण उभं राहा.

हे काम बँक मित्राकडे होत नाही का?

अर्धं होतं. १२ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने नियम बदलला. काहीच बदललेलं नसेल किंवा फक्त पत्ता बदललेला असेल, तर तसं लिहून दिलेलं आता बँक मित्राकडे घेता येतं. त्यासाठी बँकेने आपल्या यंत्रणेत ती सोय करून द्यायला हवी, म्हणून येण्याआधी विचारून घ्या. कागदच मुदतबाह्य असेल तर मात्र शाखा गाठा. मी खात्याची स्थिती बघून देईन, अर्ज लिहून देईन, पण कुलूप मला उघडता येत नाही.

न सांगता खातं कसं काय अडवलं?

जून २०२५ च्या त्याच नियमात लिहिलं आहे की देय तारखेआधी, म्हणजे केवायसी पुन्हा करायच्या तारखेआधी, निदान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एक तरी पत्राने. तारीख उलटल्यावर पुन्हा तीन आठवणी द्यायच्या, त्यातलीही एक पत्राने. १ जानेवारी २०२६ पासून हे लागू करायला बँकांना सांगितलं. शिवाय कमी जोखमीच्या ग्राहकाला देय तारखेपासून एक वर्षापर्यंत किंवा ३० जून २०२६ पर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर, सगळे व्यवहार करू द्यायचे आहेत. शाखेत शांतपणे विचारा: "माझी जोखीम कोणती आहे? देय तारीख काय होती?" या दोन प्रश्नांनी समोरच्याला स्क्रीन उघडून बघावं लागतं, आणि स्क्रीन उघडली की अर्धं काम झालं समजा.

एक बाजू आपलीही आहे. सीमकार्ड बदललं, नंबर बंद पडला, बँकेला सांगितलं नाही, तर मेसेज कुठे येणार? आणि ओळखपत्र नवीन केलं की ३० दिवसांत त्याची प्रत बँकेत द्यायची असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आईचा अंगठाच उमटत नाही, काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. वेचणीच्या हंगामात बायांची बोटं बघा. बोंडाच्या सुक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. दिवसभर कापूस ओढून बोटांची टोकं चिरलेली, नखाजवळची कातडी सोललेली. मशीनवर ठेवलं की लाल दिवा. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. आपलंच काही चुकलं असं समजून त्या माउल्या ओशाळतात.

आधी हात साबणाने धुवा, कोरडे पुसा, तळवे एकमेकांवर घासून जरा गरम करा. एकच अंगठा रेटत बसू नका, दहाही बोटं करून पाहा. अनामिका पुष्कळदा कामी येते, कारण वेचताना तिच्यावर भार कमी असतो. तरी नाही जमलं तर डोळ्यांचं स्कॅन किंवा चेहऱ्यावरून पडताळणी शाखेत आहे का, ते विचारा.

तेही नसेल तर लक्षात ठेवा: बोट उमटलं नाही म्हणून केवायसी नाकारता येत नाही. दुखापत, आजारपण, म्हातारपण यामुळे ठसा जुळत नसेल, तर आधारची ऑफलाइन पडताळणी करून किंवा दुसऱ्या मान्य कागदाची मूळ प्रत पाहून केवायसी करायची, असं नियमातच आहे. मतदार कार्ड सोबत असू द्या.

कागदावर नाव वेगळं, खात्यावर वेगळं. चालेल का?

एका अक्षराचा फरक असेल तर शाखा बहुतेक समजून घेते. पण सातबाऱ्यावर "रामभाऊ", आधारवर "रामराव" आणि पॅनवर आडनाव आधी, असं असेल तर आधी आधार आणि पॅन एकसारखे करा, मग बँकेत या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरच्या नावाचं ओळखपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत द्या, किंवा राजपत्रातली नोंद. मंगल कार्यालयाची पावती नि लग्नपत्रिका यांनी काम होत नाही.

पीएम किसानची ई-केवायसी केली होती, मग बँकेत पुन्हा काय?

त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएम किसान किंवा लाडक्या बहिणीची ई-केवायसी म्हणजे योजनेने तुमची केलेली ओळख. बँकेची केवायसी वेगळी. आणि तिसरं असतं आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसा कोणत्या खात्यात टाकायचा याची नोंद. तिन्हींना लोक "केवायसी"च म्हणतात, म्हणून घोळ होतो. एक केली की बाकीच्या आपोआप होत नाहीत.

सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं. मागे कुठे दुसरं खातं उघडताना नकळत होकार दिला असेल, तर पीएम किसानचे २,००० रुपये तिकडे जातात आणि माणूस इथल्या पासबुकात शोधत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती दिसते, त्यात बँकेचं नावही असतं.

खातं अडकलेलं असताना कापसाचे पैसे जमा झाले, ते परत जातील का?

नुसत्या डेबिटवर, म्हणजे पैसे बाहेर जाण्यावर, होल्ड असेल तर पैसे जमा राहतात, बचत खात्याचं व्याजही चालू राहतं. पूर्ण होल्ड असेल तर पैसे परत फिरू शकतात. म्हणून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर गाडी नेण्याआधी खातं तपासा, कारण तिथले पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. केंद्रावर रांगेत उभं असताना हे कळलं तर फार जीव जातो.

एक नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये दरवर्षी मे अखेरीस खात्यातून कापले जातात. होल्ड असेल तर ते कापलेच जात नाहीत आणि १ जूनपासून विमा नसतो. खातं सुरू झालं की पासबुक भरून ही कपात झाली का ते नक्की बघा.

पैसे आजच पाहिजेत, दवाखान्याचं काम आहे.

थेट शाखाधिकाऱ्यांना भेटा, दवाखान्याचा कागद दाखवा, आणि केवायसी त्याच टेबलवर आत्ताच करा म्हणून विनंती करा. कागद पुरे असतील तर नोंद करायला फार वेळ लागत नाही. माझ्या मशीनवर अंगठा लावून निघतील असं समजून येऊ नका, होल्ड असलेल्या खात्यातून तिथेही निघत नाहीत.

पोरगा पुण्यात कामाला आहे, आजी अंथरुणावर आहे, नात अठराची झाली.

पोराने तिथल्याच आपल्या बँकेच्या शाखेत विचारावं, कितीतरी बँका कोणत्याही शाखेत केवायसी करून देतात. काही बँकांत व्हिडिओवर होते, त्याला मूळ पॅन हाताशी लागतं.

आजीला बाजेवरून उचलून ऑटोत घालून आणू नका. ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग ग्राहकांचे केवायसीचे कागद घरून घ्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगितलं आहे. शाखेत लेखी अर्ज द्या.

नात अठराची झाली की तिचं खातं आता तिच्या नावाने चालतं, नवा फोटो, सही आणि केवायसी लागते. शिष्यवृत्ती येण्याआधी करून घ्या.

"केवायसी करा नाहीतर खातं बंद" असा मेसेज आला, त्यावरच करू का?

नाही. मेसेजमधल्या लिंकवर बोट लावू नका. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका, ती मोबाइलमध्ये शिरून तुमचे ओटीपी वाचते. ज्यांचं खातं खरोखर अडलेलं असतं तेच या जाळ्यात लवकर सापडतात, कारण त्यांना वाटतं की हा बँकेचाच फोन आहे. बँक पिन, ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे कधीच विचारत नाही. बँकांची खरी संकेतस्थळं आता "डॉट बँक डॉट इन" अशी संपतात.

गेलेच पैसे तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. ओटीपी आपणच सांगितला असेल तरी, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर असतं. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा.

केवायसीचे पैसे लागतात का?

शाखेत केवायसी नोंदवायला पैसे देऊ नका. निष्क्रिय खातं सुरू करायलाही १ एप्रिल २०२४ पासून शुल्क घेता येत नाही. हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात नवीन घ्यायचं तर बँकेचं शुल्क पडू शकतं.

सगळं दिलं, तरी काम होत नाही.

पोच घेऊन बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा आणि क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर भारतीय रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंडीगढ १६००१७ या पत्त्यावर साध्या पत्राने चालतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्थेतलं खातं असेल तर हा मार्ग नाही, तिथे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जायचं.

कार्ड सुरू झालं हे कसं ओळखायचं?

केवायसी नोंदल्याचा मेसेज आला की एक दिवस जाऊ द्या. मग आपल्याच बँकेच्या एटीएमवर आधी शिल्लक बघा, नंतर १०० किंवा ५०० रुपये काढून पाहा. शिल्लक दिसते पण पैसे निघत नाहीत, असं झालं तर होल्ड अजून उठलेला नाही. पोच घेऊन पुन्हा शाखेत जा आणि त्यांना होल्डची नोंद बघायला सांगा, कारण केवायसी भरणारा एक आणि होल्ड काढणारा दुसरा, असं पुष्कळ शाखांत असतं. बाबांच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं होतं. केवायसी झाली होती, होल्ड काढायचा विसरला होता. पोचेवरची तारीख दाखवली तेव्हा पाच मिनिटांत निघाला.

ती पोच बाबांनी अजून जपली आहे, पासबुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, नव्या लायसनच्या झेरॉक्सला लागून.